आईज ऑफ लॉरा मार्स (१९७८) : परक्या डोळ्यांनी पाहिलेले खून

रीळवाला
फॅशनच्या जगात घडणाऱ्या अतींद्रिय थरारपटांमध्ये माझ्या लेखी या सिनेमाला जोड नाही, आणि मराठीत त्याच्यावर नीट काही लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. पहिल्या पोस्टमध्ये खुनी कोण ते सांगत नाही. पुढे सांगायचं असेल त्यांनी कृपया वर 'रहस्यभेद' लिहा.

कथा थोडक्यात अशी. लॉरा मार्स (फे डनअवे) न्यूयॉर्कमधली नामवंत फॅशन छायाचित्रकार. तिच्या फोटोंत उंची कपडे घातलेल्या मॉडेल्स असतात आणि त्यांच्याभोवती जळत्या गाड्या, पिस्तुलं, प्रेतं. तिचं पुस्तक बाजारात येतं, फोटोंचं प्रदर्शन भरतं आणि नेमके तेव्हाच तिच्या ओळखीतल्या माणसांचे खून व्हायला लागतात. डोळ्यांत बर्फ फोडायचा टोच्या खुपसून. खून होत असताना लॉराला तो खुन्याच्या डोळ्यांतून दिसतो. तपास करणारा लेफ्टनंट नेव्हिल (टॉमी ली जोन्स) तिला पोलिसांकडचे, कधीच प्रसिद्ध न झालेले गुन्ह्यांचे फोटो दाखवतो. लॉराच्या जाहिरातींतल्या रचना त्या फोटोंशी जुळतात.

आता मुद्दा. अतींद्रिय दृष्टीचे सिनेमे बहुतेक दोन जातींचे. एकात घडून गेलेलं दिसतं, दुसऱ्यात घडणार असलेलं. इथे लॉराला दिसतं ते थेट प्रक्षेपण, आत्ता या क्षणी चाललेलं. शिवाय ते दिसत असताना तिची स्वतःची नजर बंद पडते, समोरचा माणूस, रस्ता, जिना काहीच दिसत नाही. एका प्रसंगात ती नेव्हिलला हे व्हिडिओ कॅमेरा आणि मॉनिटर वापरून समजावते : मॉनिटरवर आहे तेवढंच मला दिसतं, बाकी सगळं जातं. सिनेमाचं सगळं यंत्र या एका नियमावर चालतं. आयुष्यभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेल्या बाईला कुणीतरी स्वतःच्या व्ह्यूफाइंडरमधून बघायला लावतं आणि शटर तिच्या हातात नसतं.

या नियमातून निघालेला सर्वोत्तम प्रसंग म्हणजे नदीकाठच्या गोदामवजा स्टुडिओतला पाठलाग. खुनी तिच्या मागे आहे, म्हणून तिला स्वतःची पाठ दिसते. पळायचं आहे, पण समोरची वाट दिसत नाही, दिसतो तो मागून पळणारा आपलाच आकार. त्यातली भूमिती नीट बघा. खुनी पाठीमागे असेपर्यंत तिचा उजवा हात तिला दिसणाऱ्या चित्रातही उजवीकडेच राहतो, त्यामुळे थोडंफार सुकाणू तिच्या हातात असतं. ती त्याच्याकडे वळली की डावं-उजवं उलटतं आणि प्रत्येक हालचाल चुकीच्या दिशेला जाते. म्हणजे तोंड फिरवणं हाच सगळ्यात मोठा धोका. भयपटात पात्रानं मागे वळून बघू नये याचं इतकं चोख कारण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पडद्यामागे
उत्तम सुरुवात. पडद्यामागची माणसं नोंदवून ठेवतो, कारण ही यादी बघितली की सिनेमा असा का दिसतो ते कळतं.

मूळ कथा जॉन कार्पेंटरची. त्याचा आराखडा निर्माते जॅक हॅरिस यांनी घेतला, मग तो निर्माता जॉन पीटर्सकडे आणि कोलंबिया पिक्चर्सकडे गेला. पटकथेवर कार्पेंटरसोबत डेव्हिड झेलॅग गुडमन यांचं नाव आहे. मधल्या टप्प्यांत लिखाणात बरेच बदल झाले आणि कार्पेंटरनं त्याबद्दलची नाराजी नंतर उघडपणे बोलून दाखवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा स्वतःचा 'हॅलोविन' आला आणि त्याची सुरुवातही खुन्याच्या डोळ्यांतूनच होते. एकाच माणसाची एकच कल्पना एका वर्षात दोन टोकांना गेली : इकडे स्टुडिओचा पैसा आणि मोठी तारका, तिकडे अगदी थोडक्या पैशातलं काम.

लॉराची भूमिका आधी गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायझंडसाठी होती. तिनं ती नाकारली, पण शीर्षकगीत 'प्रिझनर' तिनंच गायलं. डनअवेला नुकतंच 'नेटवर्क'साठी ऑस्कर मिळालं होतं. १९७५च्या 'थ्री डेज ऑफ द काँडॉर'मध्येही तिनं छायाचित्रकाराचीच भूमिका केली होती, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दिग्दर्शक अर्विन कर्शनर. लोकांना तो १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मुळे माहीत आहे, पण त्याचं मूळ शिक्षण चित्रकला आणि छायाचित्रणाचं. हान्स हॉफमनसारख्या चित्रकाराकडे तो शिकला होता. छायाचित्रण व्हिक्टर केंपरचं, ज्यानं 'डॉग डे आफ्टरनून' केला. संकलन मायकेल कानचं, म्हणजे स्पीलबर्गचा नेहमीचा संकलक. कलादिग्दर्शन जीन कॅलहन, वेशभूषा थिओनी आल्ड्रेज. आणि भिंतींवरचे, पुस्तकातले फोटो हेल्मूट न्यूटन आणि रिबेका ब्लेक यांचे. म्हणजे लॉरा काल्पनिक असली तरी तिचं काम खऱ्या छायाचित्रकारांचं आहे. सिनेमात 'महान' कलावंत दाखवतात आणि त्याची कला मात्र फुटकळ निघते, हा दोष इथे मुळातच टळला.

चांदणी
रीळवाला, भूत-भविष्य-वर्तमान ही विभागणी फार आवडली. त्यावरून आपल्याकडचा '१०० डेज' (१९९१) आठवल्याशिवाय राहत नाही. माधुरीला खुनाचं दृश्य दिसतं, भिंतीआडचं प्रेत सापडतं, आणि मग कळतं की दिसलेलं सगळं अजून घडलेलंच नाही. संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे आपले विजय पाटील. हा सिनेमा तमिळ 'नूरावदु नाळ'वरून (१९८४) आला आणि त्याचं मूळ लुचिओ फुल्चीच्या १९७७च्या इटालियन सिनेमात आहे. फुल्चीची नायिका भविष्य बघते आणि त्याला भूतकाळ समजते, सगळा थरार त्या चुकीच्या काळात आहे. वर्षभरानं आलेल्या लॉरा मार्समध्ये काळ चुकत नाही, जागा चुकते. त्यामुळे '१०० डेज'मध्ये नायिकेला कोडं सोडवायला वेळ मिळतो, लॉराला एक क्षणही मिळत नाही. पोलिसांना फोन करेपर्यंत खून होऊन गेलेला असतो.

फॅशन हाउसमधले खून म्हटलं की मारिओ बाव्हाचा १९६४चा रंगीत दिव्यांचा सिनेमाही यायला हवा. रोममधलं कपड्यांचं घर, चेहरा झाकलेला खुनी, एकामागून एक मारल्या जाणाऱ्या मॉडेल्स. त्यात अतींद्रिय काही नाही, पण खुनाला फॅशनच्या फोटोसारखं सजवायचं ही पद्धत तिथून आली. कर्शनरनं मात्र उलट केलंय असं मला वाटतं. त्यानं सजावट फोटोंमध्ये ठेवली आणि खून रुक्ष, घाईचे ठेवले.

कृष्णधवल
चांदणीचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो प्रकाशयोजनेतही दिसतो. लॉराच्या फोटोंत कडक, थेट प्रकाश आहे आणि मागे धारदार सावली. खुनाच्या दृश्यांत प्रकाश मऊ, कडा विरघळलेल्या.

न्यूटनच्या शैलीबद्दल थोडं. १९२० साली बर्लिनमध्ये जन्म, तिथेच ईव्हा नावाच्या छायाचित्रकार बाईंकडे उमेदवारी, १९३८ साली जर्मनीतून बाहेर, सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलिया, मग पॅरिस. १९७५च्या मे महिन्यातला अमेरिकन व्होग मिळाला तर जरूर बघा. त्यात न्यूटनची आणि डेबोरा टर्बव्हिलची अशा दोन फोटोमालिका एकाच अंकात आल्या आणि वाचकांनी भरपूर निषेध नोंदवला. न्यूटनच्या त्या मालिकेतली मॉडेल लिसा टेलर या सिनेमात मॉडेल मिशेलचं काम करते.

न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कल चौकातला प्रसंग, म्हणजे जळत्या गाड्यांसमोर फर आणि अंतर्वस्त्रांतल्या मॉडेल्सची मारामारी, हा फोटो त्या काळच्या साधनांनी काढायचा तर काय लागेल ते आकड्यांत मांडतो. ज्यांना अशा धाटणीचं काम करायचंय त्यांना उपयोग होईल.

फिल्म समजा कोडाक्रोम ६४, म्हणजे ६४ एएसए (फिल्म प्रकाश किती पटकन टिपते त्याचा आकडा). स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चूकही महागात पडते. पडदा-शटरच्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश-सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर-वेग, त्या काळी साधारण १/६० ते १/८०. फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा, त्याला अंतरानं भागलं की एफ आकडा, म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप, मिळतं) १०० एएसएला मीटरमध्ये ३२ धरला, तर ६४ एएसएला तो ०.८ पट, म्हणजे २५.६ होतो. मॉडेल ४ मीटरवर असेल तर २५.६ भागिले ४, म्हणजे एफ ६.४. ५.६ आणि ८च्या मध्ये ठेवायचं.

आता भरदुपारी हे का जमत नाही ते बघा. कडक उन्हात ६४ एएसएला १/६० वर एफ १६ लागतं. एफ १६ला हाच फ्लॅश फक्त १.६ मीटर पोचतो, म्हणजे मॉडेल नाकासमोर उभी करावी लागेल. दाट ढगाळ दिवशी उन्हापेक्षा ३ स्टॉप कमी, म्हणजे एफ ५.६. तिथे ६.४ ते ८ ठेवलं की आकाश आणि इमारती अर्धा ते एक स्टॉप काळवंडतात आणि मॉडेल फ्लॅशनं उठून येते. न्यूटनसारख्या चित्रांतला तो जड, राखाडी, वादळापूर्वीचा प्रकाश या फरकातून येतो. म्हणून ढगांची नाहीतर संध्याकाळची वाट बघायची.

ज्वाळांचं गणित वेगळं. आग स्वतः प्रकाशमान असते, फ्लॅशचा तिच्यावर परिणाम होत नाही. एफ आकडा आणि शटर दोन्ही तिला लागू. फार उघडलं की ज्वाळा पांढरी पडते आणि रंग जातो. डेलाइट फिल्मवर आग गडद नारिंगी येते, ती तशीच हवी, फिल्टर लावून 'दुरुस्त' करू नका. वेगवेगळ्या उघडझापीचे ३ फोटो घेणं हाच खात्रीचा उपाय.

एक चूक पुष्कळ जण करतात : फ्लॅशला छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावतात. मग सावलीची धार जाते आणि चित्र साध्या कॅटलॉगसारखं दिसायला लागतं. उघडा, छोटा फ्लॅश लेन्सच्या जवळ, किंचित वर. मॉडेल भिंतीपासून अर्ध्या मीटरच्या आत असेल तर सावली तिला चिकटून, कापून काढल्यासारखी पडते. दोन मीटर दूर उभी केली तर सावली खाली घसरते आणि परिणाम गेला.

डिजिटलवर १०० आयएसओ, १/१६० किंवा १/२००, एफ ८ पासून सुरू करा. हाय-स्पीड सिंक (सिंकपेक्षा जलद शटरला फ्लॅश चालवायची सोय) टाळा, त्यात फ्लॅशची ताकद निदान दोन स्टॉप घटते.

खिडकीतली
लॉरा शूटमध्ये सलग खटाखट फोटो काढते, मोटर ड्राइव्हवर (फिल्म आपोआप पुढे ओढणाऱ्या मोटरवर). फ्लॅश लावून असं शक्य आहे का?

कृष्णधवल
छोट्या फ्लॅशनं नाही. पूर्ण ताकदीनं चमकल्यावर साध्या सेलवरच्या फ्लॅशला पुन्हा भरायला ६ ते ८ सेकंद लागतात. मोटर ड्राइव्ह सेकंदाला ३-४ फ्रेम ओढतो. ३६ फ्रेमचा रोल सेकंदाला ४ या वेगानं ९ सेकंदांत संपतो. म्हणजे पहिली फ्रेम उजळ आणि पुढच्या काळ्या. खऱ्या कामात बाहेरचा मोठा बॅटरी पॅक वापरतात, ताकद १/४ किंवा १/८ वर आणतात आणि जवळ जातात. आणि शेजारी भरलेले कॅमेरे हातात देणारा एक सहायक हवाच, नाहीतर रोल बदलण्यात मॉडेलची लय तुटते. सिनेमात लॉराभोवती सतत माणसं वावरताना दिसतात, हे धंद्याच्या दृष्टीनं खरं आहे.

सुईदोरा
कोलंबस सर्कलवर लॉरा रस्त्यात पाय फाकवून, जवळजवळ उकिडवी बसून फोटो काढते, तो सिनेमातला सर्वांत प्रसिद्ध आकार. तो शक्य होतो स्कर्टच्या उंच स्लिटमुळे. आल्ड्रेजबाईंनी कपडे 'मोठी फोटोग्राफर' दिसण्यापुरते केलेले नाहीत. कामाची हालचाल आधी धरली आणि तिच्यावर कपडा बेतला. रंगही बघा : तपकिरी, गंजाचा, राखी, काळा. रंगीबेरंगी सगळं मॉडेल्सच्या अंगावर, पाहणारी बाई मातीच्या रंगात.

असा स्कर्ट शिवायचा असेल तर माप उभ्यानं घेऊ नका. एक गुडघा जमिनीला टेकवून बसवा, मांडीवर कापड जिथे ताणतं तिथे खडूची खूण करा आणि स्लिट त्या खुणेच्या ५ सेंमी वर थांबवा. उभ्या मापानं केलेली स्लिट बसताना हमखास उसवते, कारण सगळा ताण तिच्या टोकावर येतो. त्या टोकाला आतून दीड सेंमी रुंदीची सुती पट्टी टाका आणि वरून घट्ट आडवी टीप, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला असते तशी. स्लिटच्या दोन्ही कडांना ४ सेंमी आत दुमड सोडा, २ सेंमी सोडली तर चालताना कड उलटून अस्तर दिसतं. अस्तराची स्लिट बाहेरच्यापेक्षा २ सेंमी वर न्या, नाहीतर ते खाली लोंबतं.

कापड लोकरीचं फ्लॅनेल किंवा जाड क्रेप. आपल्या हवेत टेरिवूल चालतं. जॉर्जेट अजिबात नको, वाऱ्यावर स्लिट उघडीच राहते. खालच्या घडीत दोन्ही कोपऱ्यांना पडद्याला लावतात तसं छोटं शिशाचं वजन शिवलं की कापड जागेवर बसतं. खाली गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर स्लिट उंच असूनही उघडं वाटत नाही, सिनेमातली गंमतही तीच आहे.

पडद्यामागे
कोलंबस सर्कलबद्दल एक भर. सेंट्रल पार्कचा नैर्ऋत्य कोपरा, मधला कोलंबसाचा खांब १८९२चा. त्या काळी पश्चिम बाजूला न्यूयॉर्क कोलिसियम हे प्रदर्शन-केंद्र होतं, ते २००० साली पाडून तिथे काचेचे जुळे मनोरे उभे राहिले. म्हणजे तो चौक आता फक्त अशा सिनेमांत शिल्लक आहे.

गाडी 'जाळायची' तर ती खरोखर जळू देत नाहीत, हे नव्यानं शूट करणाऱ्यांसाठी लिहितो. इंधनाची टाकी काढून टाकायची, रिकामी करून भागत नाही, कारण उरलेली वाफच जास्त घातक. बॅटरी, काचा, टायर, शॉक ॲबसॉर्बर आणि नव्या गाडीत एअरबॅग हे सगळं आधी उतरवायचं. बंद नळकांडी तापली की फुटून तोफेच्या गोळ्यासारखी उडतात. ज्वाळा प्रोपेनच्या भोकं पाडलेल्या नळ्यांतून आणायच्या, व्हॉल्व्ह एका माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. चौकात चारी बाजूंनी रस्ते येत असल्यानं वारा फिरतो, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी फडकं धरून दिशा बघायची. कृत्रिम फर वितळून कातडीला चिकटते, तशा कपड्यातल्या मॉडेलला आगीजवळ नेऊच नये. लांब लेन्स वापरली की अंतर दबतं, १५ मीटर मागची गाडी पाठीशी असल्यासारखी दिसते. अग्निशमन दलाची परवानगी आणि जागेवर बंब, याला पर्याय नाही.

रीळवाला
आता लॉराला दिसणाऱ्या दृश्यांची तंत्राची बाजू. आजच्या लघुपटात असा परिणाम कसा आणायचा ते सांगतो. कॉम्प्युटरवर नंतर धूसर करण्यापेक्षा लेन्ससमोर केलेलं कधीही खरं वाटतं, कारण दिवा फ्रेममध्ये आला की तो त्या धूसरपणातून पसरतो.

७७ मिमीचा एक स्वस्त यूव्ही फिल्टर घ्या. व्हॅसलिन लेन्सला कधीच लावायचं नाही, फिल्टरलाच, आणि तेही बाहेरच्या बाजूला. मसुराच्या दाण्याएवढं पुरतं. मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी जागा स्वच्छ ठेवायची. बोट कसं फिरवायचं याला महत्त्व आहे : प्रकाश ओरखड्याच्या आडव्या दिशेनं पसरतो. बोट गोल गोल फिरवलंत तर प्रकाश केंद्रापासून बाहेर ओढला जातो आणि बोगद्यातून बघितल्यासारखं होतं. केंद्राकडून कडेकडे रेघा ओढल्यात तर कडा गोलाकार घुसळल्यासारख्या दिसतात, घेरी आल्यासारख्या. लॉरासाठी मी पहिला प्रकार निवडेन.

लेन्स २४ ते ३५ मिमी, एफ २.८ ते ४. एफ ८ किंवा ११ केलंत की व्हॅसलिनची कड चित्रात रेषेसारखी दिसायला लागते, बोटांचे ठसेसुद्धा. लांब लेन्स पूर्ण उघडी ठेवलीत तर उलट, मधला स्वच्छ भाग निरुपयोगी होतो आणि सगळंच पिठासारखं पांढुरकं पडतं. २८ मिमी लेन्स एफ २ला तिचं उघडं भोक १४ मिमीचं असतं. स्वच्छ जागा त्याहून मोठी हवी, म्हणून नाण्याचं माप. हूड लावाच, बाजूचा दिवा फिल्टरवर पडला की काळे भाग राखी होतात.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा मोठा मुद्दा. डोळ्यांच्या उंचीवर धरायचा असेल तर कुणाच्या डोळ्यांच्या? ती उंची एकदा ठरली की खुन्याची उंची प्रेक्षकाला नकळत कळते, आणि चौकस प्रेक्षक संशयितांमधून लगेच गाळणी लावतो. चकवा टिकवायचा असेल तर त्या दृश्यांत एकदा पायरी, एकदा वाकणं, एकदा बसणं असं टाकावं. खुन्याच्या हाताचीही तीच गोष्ट. हात फ्रेममध्ये खालून यायला हवा, बाजूनं आला तर तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा वाटतो.

आवाज मात्र धूसर करू नका. लॉराची नजर गेलेली असते, कान तिचे स्वतःचेच असतात. चित्र तिकडचं आणि आवाज इकडचा ठेवला, तर प्रेक्षकालाही दोन ठिकाणी असल्यासारखं होतं.

खिडकीतली
*रहस्यभेद आहे. सिनेमा पाहिला नसेल तर ही आणि पुढची पोस्ट सोडून द्या.*

नेव्हिलच खुनी आहे, हे मला पटकथेचं दुबळं अंग वाटतं. ड्रायव्हर टॉमी (ब्रॅड डूरिफ) तुरुंगात जाऊन आलेला, माजी नवरा (राउल जुलिया) पैशाला चिकटलेला, हे दोन्ही चकवे इतके ठळक आहेत की सराईत प्रेक्षक त्यांना लगेच बाजूला काढतो. मग उरतं कोण? शिवाय लॉरा आणि नेव्हिलचं प्रेम फार लवकर जमतं. मैत्रिणींच्या अंत्यविधीनंतर लगेचच ते एकमेकांच्या मिठीत. दुहेरी व्यक्तिमत्त्वाचं स्पष्टीकरण शेवटच्या काही मिनिटांत भडाभडा येतं.

पण एक गोष्ट जोरात सांगायची आहे : लॉराला हे का दिसतं याचं कारण सिनेमा देत नाही आणि ते योग्यच आहे. शाप, अपघात, जुना आत्मा असलं काही जोडलं असतं तर सगळा भार त्या कारणावर गेला असता.

चांदणी
*रहस्यभेद.*

शेवट मला दुबळा वाटत नाही. नेव्हिल टॉमीचं बालपण म्हणून जी हकिकत सांगायला लागतो, ती सांगता सांगता 'तो'चा 'मी' होतो. सर्वनाम बदलतं आणि लॉराला कळतं. तोपर्यंत ती खुन्याच्या डोळ्यांतून बघत आली होती, आता पहिल्यांदा खुन्याच्या डोळ्यांत बघते. आणि सिनेमाभर ज्या हातानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं, त्याच हातानं त्याच्याच विनवणीवरून पिस्तुलाचा चाप. दोन्ही क्रियांना इंग्रजीत शब्दही एकच आहे, 'शूट', हे कथा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात नसेल असं वाटत नाही.

खिडकीतली, प्रेम लवकर जमतं हे मान्य. तिथे निदान दोन प्रसंग हवे होते.

हिंसेच्या प्रश्नावर सिनेमा कच खातो, ही माझी खरी तक्रार. सुरुवातीला टीव्हीवरचा मुलाखतकार आणि पत्रकार लॉराला विचारतात की तुमच्या फोटोंनी बायकांवरची हिंसा विकाऊ होत नाही का. हा प्रश्न तेव्हा रस्त्यावर होता. १९७६ साली लॉस एंजेलिसमध्ये एका रॉक बँडच्या जाहिरात-फलकावर बांधलेली, मारहाण झालेली बाई दाखवली, तेव्हा स्त्रियांनी संघटना काढून तो उतरवायला लावला. १९७७च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क 'सन ऑफ सॅम' खुन्याच्या दहशतीत होतं, त्याला १० ऑगस्टला अटक झाली. अशा वेळी हा प्रश्न विचारून पुढे सोडून दिला, कारण लॉराची प्रतिमा तिची स्वतःची नसून खुन्याकडून आलेली निघते. म्हणजे जबाबदारीतूनच ती सुटते. तिनं स्वतःहून अशी चित्रं का काढली असती, हे तिला विचारणारा एखादा प्रसंग शेवटाकडे असता तर सिनेमा फार वरच्या जागी गेला असता.

पडद्यामागे
चांदणी, शंभर टक्के सहमत. एवढं एकच जोडतो की न्यूटनच्या चित्रांतली बाई बहुधा बघणाऱ्याकडे रोखून बघते, ती बळी नसते. भिंतीवरचे फोटो त्यामुळे पटकथेपेक्षा जास्त बोलतात. फ्रेम थांबवून प्रदर्शनाचा प्रसंग पाहावा.

कृष्णधवल
मॉनिटरच्या प्रसंगावर राहिलेलं सांगतो, कारण जुना टीव्ही फ्रेममध्ये ठेवून जुन्या काळातली गोष्ट शूट करणारे इथेच अडकतात. अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ३० चित्रं दाखवतो, सिनेमाचा कॅमेरा २४ घेतो. दोघं जुळत नाहीत आणि पडद्यावर काळा पट्टा वर-खाली सरकत राहतो. जुना उपाय म्हणजे कॅमेऱ्याचं फिरतं शटर (त्याचा उघडा भाग अंशांत मोजतात) १८० ऐवजी १४४ अंशांवर. मग प्रत्येक फ्रेमला नेमका १/६० सेकंद मिळतो आणि पट्ट्याची बारीक रेघ उरते. तीही घालवायची तर कॅमेरा आणि टीव्हीचा वेग एकमेकांना बांधावा लागतो.

आपल्याकडे काम सोपं आहे. आपला जुना टीव्ही २५ चित्रांचा. कॅमेरा २५ फ्रेम, शटर १८० अंश, म्हणजे १/५० सेकंद. रेघ दिसलीच तर शटर चालू-बंद करून ती फ्रेमच्या बाहेर ढकलता येते. २४ फ्रेमवरच शूट करायचं बंधन असेल तर ट्यूबलाइटची लुकलुक टाळायला शटर १७२.८ अंश ठेवा, पण टीव्हीचा पट्टा त्यानं जात नाही, तो सरकतच राहतो.

सुईदोरा
सिनेमा घरी बघताना बऱ्याच ठिकाणी तो फार काळा आणि चौकोनी दिसतो. खरा आकार कुठला?

रीळवाला
१.८५ बाय १. आजचा टीव्ही १.७८ असतो, त्यामुळे १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चित्र १०३८ ओळींचं येतं आणि वर-खाली साधारण २१-२१ ओळींच्या बारीक काळ्या पट्ट्या राहतात. त्या दिसल्या तर आकार बरोबर. अजिबात नसतील तर चित्र थोडं कापलेलं किंवा उघडलेलं आहे, ते एक वेळ चालेल. जुन्या टीव्हीच्या चौकोनी प्रतीत मात्र प्रदर्शनाच्या भिंतीवरचे फोटो अर्धे कापले जाण्याची भीती असते, ती टाळा. लांबी १०४ मिनिटं आहे, आधी तपासून घ्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन स्मूदिंग' किंवा तशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. ते चालू असलं की २४ फ्रेमच्या मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवतो, आणि खुन्याच्या नजरेतली डोलती दृश्यं घरगुती व्हिडिओसारखी गुळगुळीत होतात. ब्राइटनेस वाढवू नका, त्यानं काळ्याचं राखी होतं आणि सावल्यांत चौकटी दिसायला लागतात. त्याऐवजी खोलीतले दिवे घालवा आणि टीव्हीच्या मागे एक मंद पिवळा दिवा ठेवा. गोदामातला पाठलाग येईल तेव्हा आवाज नेहमीपेक्षा थोडा वर, तिथे लॉराच्या टाचांचा आवाज नीट ऐकू यायला हवा.